सही जुळत नाही

पहिला संशय मला त्या बरणीचाच आला होता, आणि तो मी अजून पुरता मागे घेतलेला नाही.

रविवारची सकाळ होती. मी पेपर वाचत होतो. समोर मेहुणा, म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ, पाय पसरून बसला होता. तो दर रविवारी 'सहज' येतो. गेली अकरा वर्षं सहजच येतोय, आणि त्यामागचं खरं कारण मला अजून सापडलेलं नाही. तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून कॉफीची नवी बरणी घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, एवढं झाकण काढून द्या ना."

यात नवीन काहीच नव्हतं. घट्ट झाकणं काढणं हे आमच्या घरात माझं खातं. मी आणलेली भाजी हिला पसंत पडत नाही. मी भिंतीत खिळा ठोकला तर खिळाही वाया जातो आणि भिंतही. पण झाकण म्हटलं की मीच. पेपरवरची नजर न काढता मी बरणी घ्यायचो, एक हिसडा द्यायचो, 'टक्' व्हायचं, की बरणी परत. ही म्हणायची, "बाई, किती घट्ट होतं!" मी म्हणायचो, "असतं काही काही झाकण." लग्न झाल्यापासून सत्तावीस वर्षं हा संवाद असाच चालत आला होता, त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

त्या दिवशी टक् झालं नाही.

मी पेपर खाली ठेवला. पुन्हा हिसडा दिला. मग उठून उभा राहिलो. बरणी पोटाशी धरली, गुडघ्यांत धरली, सदऱ्याच्या टोकानं धरली. चेहरा तापल्याचं मला आतून कळत होतं. शेवटी मेहुणा म्हणाला, "भाऊजी, द्या इकडे." आणि त्यानं बसल्या जागी, पायसुद्धा न आवरता, झाकण काढलं. टक्. तो आवाज वास्तविक माझा होता.

मला तिघांचा संशय आला. एक, कंपनी हल्ली झाकणाला आतून काहीतरी चिकट लावत असणार. दोन, मेहुण्यानं हे आधी ठरवून आणलं असणार. आणि तीन, ही. कारण एवढं रामायण चालू असताना ही माझ्याकडे बघतच नव्हती. दाराला टेकून, खाली मान घालून, डाव्या हातानं उजवं मनगट चोळत उभी होती. हात चोळणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी शिजत असतं, हा माझा अनुभव आहे. मी तेवढी नोंद मनात करून ठेवली.

लोक मला संशयी म्हणतात. मी संशयी नाही, संशय हा माझा व्यवसाय आहे. बँकेत सह्या पडताळण्याच्या टेबलावर मी चोवीस वर्षं बसतोय. समोर अर्ज येतो, मी कपाटातून त्या माणसाचं नमुना सहीचं कार्ड काढतो, भिंग लावतो आणि दोन सह्या शेजारी शेजारी ठेवून बघतो. जुळली तर शिक्का. नाही जुळली तर लाल शाईनं तीन शब्द, 'सही जुळत नाही'. मग समोरचा माणूस रडो, ओरडो, नाहीतर स्वतःचं ओळखपत्र छातीला लावून नाचो. माणसं काय, सगळी सारखीच खरी दिसतात.

आणि मी घरचं-दारचं करत नाही. दोन महिन्यांपूर्वी खुद्द आमच्या हिचा, फोन नंबर बदलण्याचा अर्ज माझ्या टेबलावर आला. मी भिंग लावलं. शेवटची वेलांटी ही नेहमी झोकात वर नेते, ती अर्ध्यातच खाली बसलेली. अक्षर कापरं. मी लाल शाईत तीन शब्द लिहिले आणि अर्ज परत केला. संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, ती सही माझीच होती." मी म्हटलं, "असं प्रत्येक जण म्हणतो." त्यानंतर तीन दिवस घरात शांतता होती. माझ्या सचोटीबद्दलचा तो आदर आहे असं मी धरून चाललो.

तर सांगायची गोष्ट, अशा माणसाला एका बरणीनं मेहुण्यादेखत खाली पाहायला लावलं. आता हात मजबूत करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त कवायतमास्तर राहतात. शाळा सुटून नऊ वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी सुटलेली नाही. जिन्यात ते भेटले, तेव्हा मी झाकणाचं नाव न काढता, एका मित्राची अडचण म्हणून त्यांना विचारलं.

"मित्राला म्हणावं, बोट हलव," मास्तर म्हणाले. मी हलवलं. "आता दुसऱ्या हातानं कोपराखाली चाचपा. काय लागतंय?"

"काहीतरी वळवळतंय."

"तोच! बोट वाकवणारा गडी तिथे बसलाय. बोटात स्नायूच नसतो, नुसत्या दोऱ्या असतात. कोपराखालून ओढतात, तेव्हा बोट मिटतं."

मला धक्काच बसला. पन्नास वर्षं मी बोटांना बोटंच समजत होतो. म्हणजे थेट आमच्या बँकेचाच कारभार की हो. काउंटरवर बसलेला नुसता हलतो, आणि हलवणारा आतल्या खोलीत, पडद्यामागे. हे मला कुणी आजवर सांगितलं कसं नाही, याचाही संशय आला.

"कोपराखालच्याला आधार दंडाचा," मास्तर पुढे म्हणाले, "दंडाला खांद्याचा, आणि खांदा लटकलाय मानेला. म्हणून झाकण उघडायचं तर सुरुवात मानेपासून."

"झाकण? मी झाकण कुठे म्हणालो?"

"तुमचे मेहुणे भेटले होते काल," मास्तर म्हणाले आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कवायत सुरू झाली. गॅलरीत उभं राहून मान वर-खाली वीस वेळा, डावी-उजवी वीस वेळा. मग खांदे गोल फिरवायचे, दंड ताणायचे, ओला टॉवेल पिळायचा आणि शेवटी हाताची स्प्रिंग, ती दाबून सोडायची. ही स्प्रिंग मास्तरांनी दिली. ती दाबली की 'कर्र' म्हणते आणि सोडली की 'कुईं' म्हणते.

तिसऱ्या दिवशी माझं वर-खाली चालू असताना खालून सोसायटीचे सेक्रेटरी चालले होते. त्यांनी वर बघून विचारलं, "काय हो, पाण्याच्या टाकीची देखरेख या वर्षी तुम्ही घेता का?" माझे अकरा झाले होते. मोजणी मध्ये तोडायची नाही अशी मास्तरांची सक्त ताकीद. मी बारा, तेरा, चौदा करत राहिलो. सेक्रेटरी म्हणाले, "वा! इतक्या उत्साहानं आजवर कुणी हो म्हटलं नव्हतं." मी डावं-उजवं सुरू करेपर्यंत ते कोपऱ्यावरून वळलेही होते. टाकी अजून माझ्याकडेच आहे. हा माणूस माझ्या व्यायामाची वेळ बघूनच आला होता, यात मला तिळमात्र शंका नाही.

ऑफिसातही मी वेळ वाया घालवत नव्हतो. डाव्या हातानं भिंग, उजवा हात खिशात, खिशात स्प्रिंग. कर्र, कुईं. शेजारच्या काउंटरवर रोखपालबाई बसतात. त्यांनी दोन दिवस इकडेतिकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन सांगितलं की बँकेत उंदीर झालेत. शिपायानं सगळी कपाटं हलवली, माझ्या टेबलाखाली सापळा लावला आणि त्यात माझाच बूट अडकला. मी अवाक्षर काढलं नाही. मात्र रोखपालबाई माझ्या खिशाकडे रोखून बघत होत्या, तेव्हा त्यांना काहीतरी कळलंय की काय हे पाहायला मी झटकन मान डावीकडे वळवली.

आणि ती तिथेच राहिली.

उसण म्हणा, लचक म्हणा, मान आखडली म्हणा. हनुवटी डाव्या खांद्याकडे आणि नजर थेट रोखपालबाईंच्या काउंटरवर. मी 'आं' एवढंच म्हणालो. बाईंनी मोजत्या नोटा खाली ठेवल्या. मग म्हणाल्या, "काय बघताय?"

"काही नाही. मान अडकलीय."

"बरोबर माझ्याकडेच कशी अडकली?" नोटांवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "माझ्यावर नजर ठेवायला सांगितलंय का साहेबांनी?"

मी नाही म्हणून मान हलवायला गेलो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. नुसतं तोंडानं 'नाही' म्हटलेलं कुणाला खरं वाटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बाईंनी काउंटरवर मधोमध फायलींची उतरंड रचली. दिवसभर मी त्या फायलींकडे बघत बसलो.

सल्ल्यांचं तर विचारू नका. कुणी म्हणे गरम पाण्याची पिशवी, कुणी म्हणे बर्फ. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या उशी काढून टाका. त्यांचे यजमान म्हणाले दोन घ्या, आणि त्या दोघांचंच जुंपलं. मास्तर तर बाह्या सरसावूनच आले. "एक झटका देतो, कट्कन जागेवर येईल," म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, जीव घ्या, पण मी माझं मानगूट कुणाच्या हातात देत नसतो. शाळेत आम्हाला ताठ मानेनं जगायला शिकवलं होतं. तसं एक दिवस जगून पाहिलं. अंगावर पाणी घेता येत नाही की चहा सरळ पिता येत नाही.

खरी कंबख्ती मंगळवारी ओढवली. शुक्रवारी वरच्या कचेरीतून तपासनीस येणार होते, म्हणून साहेबांनी सगळ्यांकडून एका कागदावर सह्या घेतल्या. मी केली. मान डावीकडे, कागद उजवीकडे आणि आठवडाभर स्प्रिंग दाबून दाबून बोटं थरथरणारी. साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"हे काय आहे?"

"सही."

"कुणाची?"

"माझी, साहेब."

साहेबांनी माझ्याच कपाटातून माझं कार्ड काढलं, माझंच भिंग घेतलं आणि बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाले, "तुम्हीच बघा." मी कार्ड डाव्या बाजूला घेऊन बघितलं. सही कुठल्याशा परक्या माणसाची होती, आणि तो माणूस घाबरलेला होता.

"सह्या तपासणाऱ्याचीच सही जुळत नाही, हे तपासनिसांना मी कोणत्या तोंडानं सांगू?" साहेब म्हणाले. "शुक्रवारपर्यंत निस्तरा. नाहीतर आवक-जावकचं टेबल रिकामंच आहे."

आवक-जावक! तिथे दिवसभर पाकिटं चिकटवायची. चोवीस वर्षं लोकांना पारखून शेवटी जिभेनं तिकिटं ओली करायची. ती खुर्ची गेली तर माझं काय उरतं, हे मला खरंच सांगता आलं नसतं.

निस्तरायचं कसं, तर नियम असा. सही बदलली असेल तर नव्या नमुना सहीसाठी अर्ज करायचा. त्या अर्जावर जुनी सही करायची. ती सही पडताळणी टेबलानं पडताळायची. जुनी सही येत असती तर अर्ज कशाला केला असता, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "हा नियम तुम्हीच मला चार वेळा समजावून सांगितलाय."

मग मी माझं कार्ड समोर ठेवून माझ्या सहीची नक्कल करायला बसलो. चौदा रद्दी कागद झाले. खोट्या सह्या करणाऱ्यांबद्दल त्या दिवशी मला प्रथमच आदर वाटला. त्यातल्या त्यात बरी साधलेली सही मी अर्जावर उतरवली आणि अर्ज साहेबांच्या ट्रेमध्ये टाकला. शिपायानं तो उचलला, दप्तरी नोंद केली, पाच पावलं चालून आला आणि माझ्याच टेबलावर ठेवला.

रोखपालबाई फायलींच्या वरून बघत होत्या. मी शिक्का उचलला असता तर गोष्ट संपली होती. कुणी विचारलं नसतं. पण मी भिंग लावलं. पहिल्या अक्षराचा पाय लांबलेला, मधली गाठ सुटलेली, शेवटी रेघ कापरी. चोवीस वर्षांत अशी सही मी एकाचीही सोडली नव्हती. मी लाल पेन घेतलं आणि माझ्या अर्जावर लिहिलं, 'सही जुळत नाही'.

"अहो, तुमचाच ना अर्ज?" बाईंनी विचारलं.

"असं प्रत्येक जण म्हणतो," मी म्हणालो. बाई हसून हसून खुर्चीतून पडायच्या बेतात आल्या.

आता डॉक्टरी दाखल्याशिवाय तरणोपाय नव्हता. बुधवारी मी फिजिओथेरपिस्ट बाईंची वेळ घेतली. ही म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, कशाला? "तुमची मान डावीकडे," ही म्हणाली, "रस्ता ओलांडताना उजवीकडची गाडी कोण बघणार?" मी तिला बरोबर घेतलं.

बाईंच्या खोलीत भिंतीवर कातडी काढलेल्या माणसाचं मोठं चित्र होतं. तांबडे पट्टे नि पांढऱ्या दोऱ्या, मानेपासून थेट बोटांपर्यंत. मास्तर खरं बोलले होते तर. मला फिरत्या स्टुलावर बसवलं. ही माझ्या उजवीकडच्या खुर्चीत बसली, म्हणजे तीन दिवस मला जी बाजू दिसतच नव्हती त्या बाजूला.

"खांदे खाली सोडा," बाई म्हणाल्या.

"खालीच आहेत."

"कानाला लागलेत." त्यांनी दोन्ही खांद्यांवर हात ठेवून दाबले तशी मला कळ आली. "मानेपासून खांद्यापर्यंत हा मोठा स्नायू आहे ना, दगड झालाय त्याचा. समोरून कुणी मारायला येत असेल तर माणूस असे खांदे उचलतो. तुम्हाला कुणाची भीती वाटते का?"

"भीती नाही. मी सावध असतो."

"किती वर्षं?"

"चोवीस." मग वाटलं, खोटं कशाला बोला. "जास्तच असतील."

मी त्यांना झाकणाची हकिगत सांगितली. झाकणं घरात मीच उघडत आलोय, ही एकच बरणी काय ती दगा देऊन गेली, हे दोनदा सांगितलं. त्यांनी माझा दंड दाबला, कोपर वाकवलं, बोटं एकेक करून ओढली. म्हणाल्या, "स्प्रिंगनं हात दमलाय, बाकी काही नाही. आता अंगठा मुठीत घ्या. हं. आणि मनगट करंगळीच्या बाजूला वाकवा. दुखतं?"

"नाही."

"आई गं!" असा आवाज उजवीकडून आला.

माझ्याबरोबर गंमत म्हणून हिनंही मूठ वळून पाहिली होती. मला काही दिसेना. बाई माझ्या समोरून उठून उजवीकडे गेल्या आणि पुढचं सगळं मी भिंतीवरच्या त्या सोललेल्या माणसाकडे बघत ऐकलं.

"किती दिवस दुखतंय हे?"

"काही नाही हो. आधी यांचं बघा."

"किती दिवस?"

"झाले अडीच-तीन महिने."

"अंगठ्याच्या दोरीला सूज आहे चांगली. कशानं वाढतं?"

"पिळताना. पातेलं उचलताना." ही म्हणाली. "सही करताना पण. बरणी उघडताना तर फारच."

"बरण्या तर हे उघडतात ना?"

आमची ही अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "हेच उघडतात. मी फक्त आधी जरा सैल करून देते. शेवटचा टक् तेवढा यांच्यासाठी ठेवते."

मी मान वळवायला गेलो आणि कळवळलो. शेवटी पायानं रेटा देऊन अख्खं स्टूल फिरवलं, तेव्हा ही दिसली. उजवा हात बाईंच्या हातात होता. मनगट अंगठ्याच्या बाजूनं सुजलं होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय?"

"सैल करणं."

"लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा तुमच्यानं एक झाकण उघडलं नव्हतं," ही म्हणाली. "दिवसभर जेवला नाहीत तुम्ही. म्हटलं, नको बाई." आणि मग, जणू तिचाच काही गुन्हा असल्यासारखं, "त्या रविवारी मला जमलंच नाही हो. हात फार ठणकत होता. म्हटलं, उघडेल यांच्यानं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कंपनीवर, मेहुण्यावर, सेक्रेटरीवर, रोखपालबाईंवर, उंदरांवर संशय घेत राहिलो आणि घरात सत्तावीस वर्षं एक बनावट काम माझ्या नाकाखालून पास होत होतं, ते मला भिंग लावूनही सापडलं नाही. आणि तो अर्ज! अर्ध्यात बसलेली वेलांटी, कापरं अक्षर. हात दुखतोय, हात दुखतोय असं ती सही माझ्यापुढे स्वच्छ सांगत होती. मी तिच्यावर लाल शाईनं शेरा मारला होता.

"तो फोन नंबरचा अर्ज..." मी म्हणालो.

"जाऊ द्या ना," ही म्हणाली. "आधी खांदे खाली सोडा."

बाईंनी मला दाखला दिला आणि हिच्या अंगठ्याला पट्टा बांधला. घरी येताना मी हिला डाव्या बाजूला घेतलं. त्यामुळे उजवीकडच्या गाड्या दोघांनाही नीट दिसेनात आणि एका रिक्षावाल्यानं आमचा उद्धार केला. पण ही दिसत होती, तेवढं मला पुरे होतं.

शुक्रवारी तपासनीस आले. कोरडा, चष्म्यावरून बघणारा माणूस. मला तो पाहताक्षणी आवडला आणि म्हणून त्याची भीतीही वाटली. माझी मान तोवर समोरपर्यंत आली होती. त्यांनी ट्रे उपसला आणि माझा अर्ज बाहेर काढला.

"अर्ज कुणाचा?"

"माझा."

"शेरा कुणाचा?"

"माझाच."

त्यांनी मला समोर तीन सह्या करायला लावल्या, कार्डाशी ताडून पाहिल्या. "नाही जुळत," म्हणाले. साहेबांनी घाईघाईनं दाखला पुढे केला. तपासनिसांनी तो वाचला आणि शेऱ्याखाली लिहिलं, 'शेरा बरोबर. नवा नमुना घ्यावा.' साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. माझी खुर्ची राहिली होती, तपासनिसांनी ट्रेमधला पुढचा कागद उचलला नसता तर.

तो हिचा अर्ज होता. गुरुवारी मीच तो पुन्हा भरून घेतला होता. हिनं पट्टा बांधल्या हातानं सही केली होती, ती पहिल्यापेक्षाही वाईट. आणि त्यावर मी लिहिलं होतं, 'सही जुळत नाही. हात दुखतो. सही खरी आहे.'

"असा शेरा नियमात बसत नाही," तपासनीस म्हणाले.

"नाही बसत, साहेब."

"मग कसा मारलात? जुळत नाही म्हणता आणि खरी म्हणता?"

साहेब मागून मला डोळ्यांनी खुणावत होते, चुकून झालं म्हणा, चुकून झालं म्हणा. आवक-जावकचं टेबल मला समोर दिसत होतं. मी खांदे खाली सोडले. "चोवीस वर्षं मी फक्त सही बघितली," मी म्हणालो. "या वेळी हात बघितला. शेरा मी बदलणार नाही, टेबल बदलायचं तर बदला."

तपासनिसांनी चष्मा वर सारून मला न्याहाळलं. ते माझ्यावर संशय घेत होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "या बाई कोण?"

"माझी बायको."

"हं." त्यांनी अर्ज ट्रेमध्ये परत ठेवला. "यांचाही नवा नमुना घ्या. इथे बोलावून, समोर बसवून. आणि पुढच्या वेळी नातं अर्जावर लिहीत जा." उठताना त्यांनी स्वतःच्या मानेवर हात फिरवला, तोंड वाकडं केलं आणि हळूच मला म्हणाले, "त्या दाखलेवाल्या बाईंचा पत्ता द्या जरा."

परवाच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी उठलो. मधाची नवी बरणी आणली होती. स्वयंपाकघराचं दार लोटलं, झाकणावर गरम पाणी ओतलं, फडक्यानं धरलं, दंड, खांदा, मान सगळ्यांना कामाला लावलं. वीस मिनिटं गेली. सुटलं एकदाचं. मग ते अलगद पुन्हा फिरवून ठेवलं, ओटा पुसला आणि बाहेर येऊन पेपर उघडला.

नऊ वाजता मेहुणा सहज आला आणि माझाच पेपर घेऊन बसला. मी स्वयंपाकघरातून बरणी घेऊन आलो आणि हिच्यापुढे धरली. "अगं, एवढं झाकण काढून दे ना."

मेहुण्यानं पेपर खाली केला. हिनं माझ्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी झाकण फिरवलं. ते नुसतं वर उचललं गेलं, आवाजच झाला नाही. मी ते फार सैल करून ठेवलं होतं. शेवटचा टक् ठेवायला सत्तावीस वर्षांची सवय लागते, ती मला कुठली असायला?

"बाप रे, किती घट्ट होतं!" मी म्हणालो.

हिनं झाकण उलटं करून पाहिलं. त्याला आतून अजून पाणी होतं. मग अशा काही संशयानं माझ्याकडे पाहिलं की माझे खांदे आपोआप कानाला लागले. मेहुणा दोघांकडे बघत होता. मग भावाला ऐकू जाईल एवढ्या बेतानं तिनं जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

टक्.